पुसोची तपासणी दुखण्याआधी: फिलिपिनो माणसाचा हृदयविकार समजून घेताना

फिलिपिन्सच्या तगालोग भाषेत हृदयाला ‘पुसो’ म्हणतात. केळफुलालाही पुसोच म्हणतात. घडाच्या टोकाला लोंबणारं ते जांभळट, निमुळतं केळफूल पाहिलं की हे नाव कसं पडलं असेल ते लगेच कळतं. हा शब्द मला माझ्या धाकट्या भावाने सांगितला. तो मालवाहू बोटीवर इंजिनिअर आहे. बोटीवर बावीस माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त फिलिपिनो. रत्नागिरी-रायगडातल्या दर्यावर्दी घरांना यात नवल वाटणार नाही. ज्यांच्या घरातलं कुणी बोटीवर किंवा आखातातल्या इस्पितळात कामाला आहे, त्यांना फिलिपिनो सहकारी म्हणजे शेजारीच.

भावाच्या बोटीवरचा सारंग, म्हणजे बोसन, डेकवरच्या खलाशांचा मुकादम, सत्तेचाळीस वर्षांचा होता. अंगाने सडपातळ, दोरखंड ओढताना विशीतल्या पोरांना दमवणारा. एका सकाळी त्याला छातीत जळजळ वाटली, घाम आला. ॲसिडिटी समजून त्याने गोळी घेतली आणि आडवा झाला. जवळचं बंदर दीड दिवसावर होतं. दुपारपर्यंत सगळं संपलं. नियमाप्रमाणे त्याच्या सामानाची यादी करताना माझा भाऊ तिथे होता. घरी पाठवायच्या खोक्यात कॉर्न्ड बीफचे डबे, मुलीसाठी बूट. खणात मोज्यांच्या खाली रक्तदाबाच्या गोळ्यांची तीन पाकिटं. दोन न फोडलेली, तिसऱ्यातल्या चार गोळ्या संपलेल्या.

त्या चार गोळ्यांचा हिशेब लागला की फिलिपिनो लोकांच्या हृदयविकाराचा बराचसा प्रश्न समजतो. म्हणून हा लेख.

किती मोठा प्रश्न आहे?

फिलिपिन्समध्ये मृत्यूच्या कारणांत पहिला क्रमांक हृदयाला रक्त कमी पडण्याच्या आजाराचा आहे. अलीकडच्या वर्षांतल्या सरकारी नोंदी पाहिल्या तर दर पाच-सहा मृत्यूंमागे एक याच आजाराने होतो. पक्षाघात आणि रक्तदाबाचे इतर बळी यात धरलेले नाहीत.

हे अज्ञानातून घडतंय असं मात्र म्हणता येत नाही. १९७३ पासून तिथे फेब्रुवारी हा ‘हृदय महिना’ म्हणून पाळतात. केसॉन सिटीतलं फिलिपाइन हार्ट सेंटर १४ फेब्रुवारी १९७५ ला सुरू झालं, म्हणजे त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली. मोठं इस्पितळ आहे, चांगले डॉक्टर आहेत, जगभर नावाजलेल्या परिचारिका आहेत. तरीही माणूस इस्पितळाच्या दारात येतो तो बहुतेक वेळा झटका आल्यावर.

२०२४ च्या शेवटी तिथल्या सरकारी आरोग्य विम्याने, म्हणजे फिलहेल्थने, एक मोठा निर्णय घेतला. झटका आलेल्या रुग्णाच्या अँजिओप्लास्टीसाठी, म्हणजे बंद झालेली रक्तवाहिनी उघडण्यासाठी, आधी सुमारे ३०,३०० पेसो मिळत, ते ५,२३,८५३ पेसो केले. पेसो साधारण दीड रुपयाचा धरा. म्हणजे पंचेचाळीस हजारांवरून पावणेआठ लाख रुपयांच्या पुढे. कर्ज काढणाऱ्या घरांना हा फार मोठा आधार आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. पण हा पैसा आग लागल्यावरच्या बंबाचा. झटका यायच्या आधीच्या वीस वर्षांत काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

रक्तवाहिनीत नेमकं काय होतं?

आपण नेहमी नळाची उपमा देतो. नळात क्षार साचतात, धार बारीक होते, एक दिवस पाणी बंद. ही उपमा अर्धीच खरी आहे, आणि तिच्यामुळे माणसं फसतात.

त्यापेक्षा ओल धरलेली भिंत डोळ्यांसमोर आणा. बाहेरून रंग ठीक दिसतो, पण आत पाणी मुरत असतं. हळूहळू रंगाखाली फुगवटा येतो, पोपडा धरतो. हृदयाच्या रक्तवाहिनीचंही असंच होतं. तिला आतून नाजूक अस्तर असतं. वाढलेला रक्तदाब त्या अस्तरावर रात्रंदिवस आपटत राहतो, तंबाखू आणि जास्तीची साखर ते खरवडतात, आणि मग रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल अस्तराखाली मुरायला लागतं. तिथे जो फुगवटा तयार होतो त्याला डॉक्टर ‘प्लाक’ म्हणतात. आपण पोपडाच म्हणू.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. बऱ्याच झटक्यांत नळ हळूहळू बंद झालेला नसतो, पोपडा फुटलेला असतो. तो फुटला की शरीराला वाटतं जखम झाली. रक्त तिथे गोठतं आणि काही मिनिटांत वाट बंद होते. फुटण्याआधी त्या पोपड्याने रक्तवाहिनीचा थोडासाच भाग अडवलेला असू शकतो. त्यामुळे माणूस आदल्या दिवशी जिने चढतो, दोरखंड ओढतो, त्याला काहीही होत नाही.

आणि ही ओल धरते कधी? कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय होतं बावीस. तीन चतुर्थांशांहून जास्त जणांच्या रक्तवाहिन्यांत या आजाराच्या खुणा सापडल्या. ते धडधाकट, निवडून घेतलेले जवान होते. पन्नाशीतल्या झटक्याची सुरुवात विशीत झालेली असते, हे तेव्हापासून माहीत आहे.

मग तपासायचं काय?

लोकांना वाटतं हृदयाची तपासणी म्हणजे मोठं यंत्र, ट्रेडमिल, सीटी स्कॅन. सुरुवातीला यातलं काही लागत नाही. ओल कुठून येतेय ते शोधायचं असतं. त्यासाठी रक्तदाब, रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, कमरेचा घेर आणि दोन प्रश्न एवढं पुरतं. तंबाखू आहे का, आणि घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला का? कमी वयात म्हणजे वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत.

हे आकडे एकत्र मांडण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने रंगीत तक्ते केले आहेत. २०१९ मध्ये ते नव्याने बनवले, आणि आग्नेय आशियासाठी त्यात वेगळा तक्ता आहे. वय, स्त्री की पुरुष, तंबाखू, मधुमेह, वरचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल बघून आपला चौकोन शोधायचा. पुढच्या दहा वर्षांत झटक्याची किंवा पक्षाघाताची शक्यता शंभरात किती, ते त्यावर कळतं. रक्त तपासायची सोय नसेल तर वजन-उंचीवरून वाचायचा दुसरा तक्ता आहे. बारांगायच्या, म्हणजे तिथल्या वाडी-वस्तीच्या आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका भिंतीवरच्या अशा तक्त्यावर बोट ठेवून सांगू शकते. मला ही फार मोलाची सोय वाटते, कारण सरकारी कागदावरचा धोका माणसाला आपला वाटत नाही. हिरव्याऐवजी लाल चौकोनावर आपलं बोट पडलं की वाटतो.

एक गोष्ट इथे ठासून सांगते. रक्तदाब नीट मोजला तरच त्याचा उपयोग. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, मशीनचा पट्टा हृदयाच्या उंचीवर, आधीच्या अर्ध्या तासात कॉफी-सिगारेट नाही. दोनदा मोजायचं. धावत येऊन बाह्या वर करून घेतलेला आकडा विश्वासाचा नाही.

‘मग सगळ्यांचा ईसीजी किंवा स्कॅन का नाही काढत?’

कारण त्याने बऱ्याचदा खोटा धीर मिळतो, नाहीतर खोटी भीती. शांत पडून काढलेला ईसीजी त्या क्षणी हृदयाची वीज कशी चालली आहे ते दाखवतो. भिंतीतल्या पोपड्याबद्दल तो बहुधा काही सांगत नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीनेही २०१८ मध्ये, ज्यांना लक्षणं नाहीत आणि धोका कमी आहे अशा लोकांना सरसकट ईसीजी काढू नका, असंच सांगितलं.

याला एक अपवाद आहे, आणि तो खास फिलिपिनो आहे.

झोपेत जाणारे तरुण: बांगुंगोत

फिलिपिन्सच्या गावागावांत एक भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. धडधाकट तरुण रात्री भरपेट जेवून झोपतो, झोपेत कण्हतो आणि सकाळी उठतच नाही. याला म्हणतात बांगुंगोत, म्हणजे दुःस्वप्न. छातीवर कुणीतरी येऊन बसतं अशी समजूत होती. आईबाप मुलांना बजावत, पोट फुटेस्तोवर खाऊन लगेच झोपू नकोस. कुणी कण्हताना दिसला तर त्याला हलवून जागं करत. थायलंड आणि जपानमध्येही अशा मृत्यूंना वेगवेगळी नावं आहेत.

डॉक्टरांनी आधी दोष स्वादुपिंडाला दिला. मग १९९२ मध्ये ब्रुगाडा या दोघा भावांनी हृदयाच्या विजेच्या एका बिघाडाचं वर्णन केलं. ईसीजीत त्याची ठरावीक खूण दिसते. पुढे लक्षात आलं की आग्नेय आशियातल्या झोपेतल्या मृत्यूंपैकी बऱ्याच घटनांचा धागा याच बिघाडाशी जुळतो. तो घराण्यात उतरू शकतो, पुरुषांत जास्त दिसतो, आणि तापात किंवा विश्रांतीच्या वेळी डोकं वर काढतो. यात रक्तवाहिन्या स्वच्छ असू शकतात. बिघाड नळाचा नसून वायरिंगचा असतो.

म्हणून घरात कुणी तरुणपणी झोपेत गेला असेल किंवा कुणाला कारण नसताना चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, तर भावंडांचा आणि मुलांचा ईसीजी काढलाच पाहिजे. गावाने ज्याला भूत म्हटलं ते कागदावरच्या रेघेत सापडू शकतं, ही मला वैद्यकशास्त्रातली फार दिलासा देणारी गोष्ट वाटते.

‘पण मी तर बारीक आहे’

सारंगही बारीकच होता. युरोपी माणसाच्या मापाने पाहिलं तर आशियाई माणूस हडकुळा वाटतो, पण चरबी कुठे आहे हे वजनकाटा सांगत नाही. सॅन दिएगोत राहणाऱ्या फिलिपिनो बायकांचा अभ्यास झाला. लठ्ठ नसलेल्या बायकांच्याही पोटात, आतड्यांच्या आसपास, चरबी जास्त निघाली, आणि मधुमेहही गोऱ्या बायकांपेक्षा बराच जास्त. ही आतली चरबी नुसती पडून राहत नाही. ती साखर बिघडवते, रक्तात चरबी सोडते.

म्हणून कमरेला टेप लावायचा. आशियाई पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० च्या पुढे गेली की सावध व्हायचं. अमेरिकी मधुमेह संघटनेनेही २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची साखर तपासायला वजन-उंचीच्या निर्देशांकाची मर्यादा २५ वरून २३ वर आणली. आपणा भारतीयांनाही हेच माप लागू आहे.

परदेशी स्थायिक फिलिपिनोंचा आणखी एक घोटाळा होतो. अमेरिकेत त्यांना बरीच वर्षं नुसतं ‘आशियाई’ या एकाच रकान्यात मोजलं गेलं. आशियाई लोकांची सरासरी चांगली दिसली की यांचा वाढलेला रक्तदाब त्या सरासरीत झाकला जायचा.

‘मला काही होतच नाहीये’

तगालोगमध्ये ‘हायब्लड’ हा इंग्रजीवरून आलेला शब्द दोन अर्थांनी चालतो. रक्तदाब, आणि राग. मी हायब्लड झालो, म्हणजे माझं डोकं फिरलं. आपणही म्हणतोच की, ‘माझं बीपी वाढवू नकोस.’ बोलायला ठीक आहे, पण यातून एक घातक समज पक्का होतो. रक्तदाब वाढला की कळतोच, चिडचिड होते, मान दुखते, असं वाटायला लागतं. मग मान दुखेल त्या दिवशी गोळी, नाही दुखली तर नाही.

प्रत्यक्षात बहुतेकांना काहीही जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो आहे हेच माहीत नसतं. विशीपासून वर्षातून एकदा रक्तदाब, तिशीत एकदा तरी साखर आणि कोलेस्टेरॉल, चाळिशीनंतर नियमाने, एवढं केलं तरी खूप झालं. घरात इतिहास असेल तर आधीपासून.

‘तपासणीत काही निघालं तर बोट जाईल’

आता त्या चार गोळ्यांकडे येते. ही भीती मला सगळ्यांत खरी वाटते. तिला ‘अडाणीपणा’ म्हणून झटकणाऱ्यांचा मला राग येतो.

खलाशाला बोटीवर चढण्याआधी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. आंतरराष्ट्रीय नियमाने ते जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक फिलिपिनो कामगाराला अशी तपासणी द्यावी लागते, आणि त्याच्या पगारावर आईबाप, भावंडांची शिक्षणं, गावचं घर असं सगळं उभं असतं. तपासणी म्हणजे त्याच्या लेखी परीक्षा. ती पास व्हायची असते. मग आदल्या आठवड्यात मीठ बंद, चार दिवस गोळी, आकडा खाली. शिक्का मिळाला की गोळ्या मोज्यांखाली. सारंगाने नेमकं हेच केलं असेल, असं भावाला वाटतं. आता विचारणार कुणाला?

पण नियम त्याला वाटला तितका क्रूर नाही. रक्तदाब फार चढलेला असेल तर माणसाला तात्पुरतं थांबवतात. उपचाराने तो आटोक्यात आला आणि गोळीने गुंगी वगैरे येत नसेल, तर कामाला पात्र ठरवतात. उलट लपवण्याची किंमत मोठी आहे. फिलिपिनो खलाशांच्या प्रमाणित करारात स्पष्ट लिहिलेलं असतं की आधीचा आजार जाणूनबुजून लपवला तर भरपाईचा हक्क जातो. ज्या कुटुंबासाठी लपवलं, तेच उघड्यावर पडू शकतं. हे बोटीवर चढणाऱ्या प्रत्येक पोराला त्याच्या भाषेत, त्याच्या बायकोसमोर समजावून सांगायला हवं.

‘एकदा गोळी लागली की सुटत नाही’

फिलिपिन्समध्ये रोजच्या गोळ्यांना सरळ ‘मेंटेनन्स’ म्हणतात. चाळिशीच्या गप्पांत एकमेकांना विचारतात, तुझं मेंटेनन्स सुरू झालं का? हा शब्द मला आवडतो. माझा भाऊ इंजिन बंद पडायची वाट बघत नाही. ठरलेल्या तासांनी तेल बदलतो, फिल्टर काढतो. इंजिनाला तेलाची सवय लागली असं कुणी म्हणत नाही.

रक्तदाबाची गोळी दाब खाली ठेवते, बंद केली की तो बहुधा पुन्हा चढतो. ते व्यसन नव्हे, आजार तसाच असल्याचा पुरावा आहे. कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, नुसता आकडा कमी करत नाही. ती पोपड्यावरची साल घट्ट करते, म्हणजे तो फुटायची शक्यता कमी होते. वजन उतरलं, मीठ कमी झालं, तंबाखू सुटला तर डॉक्टर मात्रा कमीही करतात. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

खर्चाचं म्हणाल तर मधुमेह, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबाच्या औषधांवरचा मूल्यवर्धित कर तिथे २०१९ पासून काढला आहे. ज्येष्ठांना औषधांवर वीस टक्के सवलत आहे. फिलहेल्थच्या प्राथमिक तपासणी योजनेत नाव नोंदवलं की साखर, कोलेस्टेरॉल, गरजेप्रमाणे ईसीजी आणि काही औषधंही मिळतात.

बेटांचा देश

फिलिपिन्समध्ये ७,६४१ बेटं आहेत. झटका आल्यावर रक्तवाहिनी उघडायला पहिले दोन तास सोन्याचे. पण अँजिओप्लास्टीची सोय मुख्यतः मनिला आणि मोठ्या शहरांत. लहान बेटावरच्या माणसाला आधी होडी, मग मोठी बोट, मग गाडी. वादळ असेल तर होडीही नाही. विम्याने पाच लाख पेसो दिले तरी समुद्र तेवढाच रुंद राहतो. रक्तदाबाचं मशीन मात्र होडीतून कुठेही जातं. म्हणून मला वाटतं, जिथे उपचार दूर तिथे तपासणी सगळ्यांत आधी पोचली पाहिजे. आपल्याकडे उलटंच होतं, शहरात तपासण्यांचे संच आणि दुर्गम भागात नुसता सल्ला.

ताटातलं मीठ

फिलिपिनो जेवण मी भावाच्या घरी दोनदा जेवले आहे. त्याच्या मित्राने अदोबो केलं होतं, व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं मांस. चवीला अप्रतिम. शेजारी वाटीत ‘सॉसावान’, बुडवून खायला: सोया सॉस, लिंबू, मिरची. शिवाय पातिस म्हणजे माशाचा खारट रस, बागूंग म्हणजे आंबवलेली मासळी, आणि न्याहारीला तुयो, आपल्या सुक्या बांगड्यासारखी खारवलेली मासळी. कोकणी माणसाला हे ताट परकं वाटतच नाही.

अडचण बेरजेत आहे. मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि पूर्ण दिवसाची मर्यादा २००० च्या आत. शिजताना दोन चमचे, वाटीत एक, सोबत पाकिटातले नूडल्स किंवा डब्यातलं मांस. बोटीवर तर ताजी भाजी आठवडाभरात संपते. वाटीतला सोया सॉस निम्मा करून लिंबू वाढवायचं, तुयो रोजऐवजी रविवारी, एवढ्या बदलाने कुणाच्या घरची चव जात नाही. सरकारनेही आपला वाटा उचलला आहे. २०१२ मध्ये तंबाखूवरचा कर वाढवला, २०१८ पासून गोड पेयांवर लिटरमागे कर लावला, आणि कारखान्यात तयार होणाऱ्या ट्रान्स फॅटवर बंदीचा आदेश २०२१ मध्ये काढला.

भावाच्या बोटीवर आता रविवारी नाश्त्यानंतर मेसच्या टेबलावर रक्तदाबाचं मशीन ठेवतात. कप्तानाने आधी स्वतःचा आकडा सगळ्यांदेखत मोठ्याने वाचला: एकशे चोपन्न, ब्याण्णव. मग स्वयंपाक्याने बाही वर केली. नवा सारंग पहिले दोन रविवार फिरकलाच नाही. तिसऱ्या रविवारी आला, पाच मिनिटं गप्प बसून राहिला, आणि मोजून झाल्यावर त्याने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.